चार नंबर

शकीला मोमीनचा फोन आला तेव्हा
मी लेथवर होतो, कोपरापर्यंत ऑइल.
"दोन आठवडेच ठेवा मामा.
कारवानी आहे, मादी, शर्यतीतली.
मागचा पाय मोडला म्हणून
कागलच्या पुढं उसाच्या बांधाला
बांधून गेलंय कुणीतरी."
मी म्हटलं, आमच्यात कुत्रं चालत नाही,
आणि संध्याकाळी टेम्पो घेऊन गेलो.

कुशीवर निळ्या ऑइलपेंटनं काढलेला चार.
मी बरगड्या मोजायला लागलो,
तर डॉक्टर नेजदार म्हणाले,
ह्या जातीच्या बरगड्या दिसतातच,
भूक बघायची असेल तर मणके बघा.
मी मणके बघितले.

पहिल्या रात्री ती जिन्याखालीच बसून राहिली.
जिना तिला ठाऊक नव्हता,
पंखा, आरसा, कुकरची शिट्टीही नव्हती.
झाडू तेवढा ठाऊक होता.

मालन म्हणाली, नाव ठेवायचं नाही हं,
नाव ठेवलं की ते आपलं होतं.
म्हणून आम्ही तिला नुसतं 'ए' म्हणायचो.
ए, खा. ए, तिकडं नको जाऊ.
पुढं मालनचा 'ए' इतका लांबायला लागला
की शेजारचे घाटगे म्हणाले,
नाव झकास ठेवलंय की!

दर रविवारी मी कारखान्यातला वर्नियर आणायचो.
मोडक्या मांडीचं माप, धडक्या मांडीचं माप,
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलनं.
एकतीस, पंचेचाळीस.
तेहतीस.
तेहतीसच.
साडेचौतीस.
उद्यमनगरात केसाएवढ्या फरकावर
पिनांची पेटी परत पाठवणारा माणूस मी,
त्या दिवशी दीड मिलिमीटरवर पेढे घेऊन आलो.

दोन आठवड्यांचे साडेचार महिने झाले.
पहाटे गंगावेशीत म्हशीची धार पेल्यात पडायची,
ती माझ्या गुडघ्याला टेकून
कान उभारून तो आवाज ऐकायची.
रंकाळ्यावर लोक थांबवायचे.
केवढ्याला घेतली? पळती कशी?
पिल्लं धरणार काय?
झोपते कशी, हे कुणी विचारलं नाही.

झोपेत ती पळायची.
चारी पायांनी, मोडक्यासकट.
ओठांतल्या ओठांत भुंकायची
आणि कळायचं नाही
कुणाच्या मागं लागलीय
का कुणी तिच्या मागं.

चार मात्र निघेना.
रॉकेल लावू नका म्हणाले डॉक्टर.
मालन खोबरेल चोळायची, पुटपुटत,
कुणाला शिव्या ते मी विचारलं नाही.
शेवटी केस झडले, नवे आले,
आणि एका सकाळी कूस कोरी.

मग शकीलानं कळंब्याच्या बाईंचा फॉर्म पाठवला.
कुंदा वास्कर, शाळेत खो-खो शिकवतात.
घर बघायला मी टेप घेऊन गेलो.
खरं सांगतो, मला एखादी खोट हवी होती.
सापडली. भिंत पाच फूट आठ इंच.
शकीलाचा नियम सहाचा.
चार इंच!
मी फॉर्मवर नापास लिहिलं, ठळक,
आणि येताना गाडी हलकी चालली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोटो आला:
भिंतीवर तारेची जाळी,
जाळीला टेप लावून धरलेला,
सहा फूट दोन.

सोडायला गेलो तेव्हा
त्यांच्या दाराला तीन पायऱ्या होत्या.
ती चढली, खाली न बघता,
आणि वर जाऊन
आम्ही का येत नाही म्हणून वळून बघत राहिली.
बाईंनी विचारलं, काय म्हणता हिला?
मालन बोलेना.
मी म्हटलं, ए.
जरा लांबवून म्हणायचं.

कॅलेंडरवर अजून तोच महिना आहे.
पान उलटायला गेलो की मालन म्हणते, राहू दे.
परवा फोन वाजला, शकीलाचा.
म्हातारा पश्मी, एक डोळा गेलेला,
शिरोलीत पुलाखाली सापडलेला.
माझे हात ऑइलचे, म्हणून मालननं उचलला.
"दोनच आठवडे,"
असं ती म्हणाली, शकीला म्हणायच्या आधी.